पातेगळ

यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागले की अर्ध्या-पाऊण तासात कळंब येते. चक्रावती नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव तेथील चिंतामणी गणेशाच्या देवस्थानासाठी विदर्भभर प्रसिद्ध आहे. या देवळाचे वैशिष्ट्य असे की दर्शनासाठी पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि त्याच्या पुढ्यात पाण्याचे कुंड आहे. काही वर्षांच्या अंतराने या कुंडाचे पाणी आपोआप वर चढते आणि मूर्तीच्या चरणांना लागते, असे गावकरी मोठ्या श्रद्धेने सांगतात. ज्या गावाची श्रद्धाच जमिनीखालच्या पाण्याशी अशी जोडलेली आहे, त्या गावच्या शिवारातली पिके मात्र वरून पडणाऱ्या पाण्यावर जगतात. ते पाणी वेळेवर आले नाही तर मधले दिवस ती कशाच्या आधारावर काढतात, हा प्रश्न माझ्या मनात या भागात आल्यापासून घोळतो आहे. त्या प्रश्नाचा मागोवा घेता घेता मला मातीतल्या अशा एका वस्तीची ओळख झाली, की जिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

माझा जन्म वसईच्या वाडीतला. विहिरीवरचा रहाट आणि केळीच्या बुंध्याशी खेळणारे पाणी हे आमच्या लहानपणीचे नित्याचे दृश्य. अशा मुलखातल्या माणसाला विदर्भातली कोरड म्हणजे पाऊस पडतच नाही असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा वाईट म्हणता येणार नाही. खोट आहे ती वाटणीत. मृगात पेरणी होते, पुढे कधी चार-चार दिवसांची झडी लागते, आणि मग ऐन श्रावणात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस आभाळ कोरडे ठणठणीत राहते. बेंबळा प्रकल्पाचे पाणी ज्यांच्या धुऱ्यापर्यंत पोहोचले, किंवा ज्यांची स्वतःची विहीर आहे, ते ओलित करतात. बाकीचे आभाळाकडे पाहतात. भारी काळ्या जमिनीत ओल थोडी अधिक टिकते, परंतु तीही पुढे आकसून भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळे तुटतात. बरड, मुरमाड जमिनीतले पीक तर आठवड्यातच माना टाकू लागते.

कपाशीला इकडचा माणूस पऱ्हाटी म्हणतो. पेरणीनंतर दीड महिन्याच्या सुमारास तिला पाती धरू लागतात. पाते म्हणजे फुलाची त्रिकोणी हिरवी कळी. पात्याचे फूल, फुलाचे बोंड आणि बोंडाचा कापूस, असा हा संसार. नेमक्या याच दिवसांत पाऊस दडी मारतो, आणि सकाळी शेतात गेलेल्या माणसाला तासातासांतून पिवळी पडलेली पाती विखुरलेली दिसतात. यालाच पातेगळ म्हणतात. तशी काही पाती दरवर्षीच गळतात. पऱ्हाटी जितकी पाती धरते तितकी सगळी बोंडे ती कधीच पोसत नाही. झडी लागून मुळाशी पाणी तुंबले तरी गळ होते, आणि अळीनेही होते. पण कोरड्या खंडातली गळ शेतकऱ्याच्या काळजाला लागते, कारण तिच्यावर फवारायला काहीच नसते.

पोळ्याच्या आधीच्या अशाच एका कोरड्या आठवड्यात कळंबजवळच्या एका खेड्यात एका वयोवृद्ध शेतकऱ्यांच्या धुऱ्यावर मी उभा होतो. त्यांनी गळलेली पाती मूठभर उचलली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "फादर, पऱ्हाटीले ताण बसला का थे आपलेच लेकरं खाली टाकते. झाड वाचते, पन घर बुडते."

या एका वाक्यात वनस्पतिशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. झाड पाती टाकते ते हतबल होऊन नव्हे. टाकण्याचा हुकूम ते स्वतःच स्वतःला देते. हा हुकूम पोहोचवणारे द्रव्य म्हणजे इथिलीन नावाचा वायू. वाचकांच्या घरात तो रोजच्या ओळखीचा आहे, फक्त नावाने नाही. आढीत एक आंबा पिकला की शेजारचे भराभर पिकतात, केळीच्या फण्यात एक पिकलेले केळे राहिले की सारा फणा पिवळा होतो, ही करामत याच वायूची. फळाला तो पिकायला सांगतो, तर पानाला आणि कळीला देठापासून सुटायला सांगतो. पाण्याचा ताण पडला, मुळे घुसमटली किंवा उन्हाचा तडाखा बसला, की झाडाच्या अंगात इथिलीन वाढते. थोडे वाढले तर झाड सावध होते. फार वाढले तर मुळांची वाढ खुंटते आणि पाने, पाती, कोवळी बोंडे गळू लागतात. निसर्गाच्या हिशेबात यात चूक काही नाही. लेकुरवाळेपण आवरते घेऊन झाड स्वतःचा जीव वाचवते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. कर्ज काढून पेरणी केलेल्या माणसाचा हिशेब मात्र पात्यांवर बांधलेला असतो.

हे इथिलीन झाडाच्या पेशीत एकदम तयार होत नाही. त्याच्या अलीकडे एक पायरी आहे. तिथे जे द्रव्य तयार होते त्याचे रासायनिक नाव लांबलचक असल्याने शास्त्रज्ञ त्याला एसीसी एवढ्याच तीन अक्षरांनी ओळखतात. झाडाला ताण बसला की एसीसी वाढते आणि त्याचे पुढे इथिलीन होते. आता गंमत अशी की या एसीसीचा काही अंश मुळांवाटे बाहेर मातीत झिरपतो, आणि तेथे त्याची वाट पाहत काही जिवाणू बसलेले असतात. त्यांच्यापाशी एक विकर असते. त्या विकराच्या साहाय्याने ते एसीसी फोडतात आणि त्यातला नत्र स्वतःच्या पोषणासाठी वापरतात. बाहेरचे एसीसी संपत गेले की आतले आणखी बाहेर झिरपते, आतला साठा उतरतो, आणि इथिलीन बेताचेच तयार होते. जिवाणूने केले काय, तर स्वतःचे पोट भरले. परंतु तेवढ्याने झाडाचा घाबरा जीव ताळ्यावर राहिला.

ही केवळ कल्पना नाही. २००४ साली मायाक, तिरोश आणि ग्लिक या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्राएलच्या दक्षिणेस मृतसमुद्राच्या खाली अरावा नावाचे कोरडे खोरे आहे. जुना करार वाचणाऱ्यांना ते अराबा या नावाने परिचित असेल. तेथल्या रुक्ष मातीतून त्यांनी असे विकर असलेला एक जिवाणू वेगळा केला आणि टोमॅटो व मिरचीच्या रोपांच्या मुळांशी सोडला. मग काही दिवस रोपांचे पाणी तोडले. जिवाणू असलेल्या रोपांचे वजन जिवाणू नसलेल्या रोपांपेक्षा चांगले भरले आणि टोमॅटोच्या रोपांत इथिलीनही कमी निघाले. पण या प्रयोगातली एक बारीक नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाणी तोडलेल्या दिवसांत दोन्ही प्रकारच्या रोपांच्या अंगातले पाणी सारखेच घटत होते. जिवाणूंनी रोपाला पाण्याचा एक थेंबही अधिक मिळवून दिला नव्हता. फरक दिसला तो पाणी पुन्हा दिल्यावर. ज्यांच्या मुळाशी सोबती होते ती रोपे अधिक लवकर आणि अधिक चांगली सावरली.

एरवी जिवाणूंच्या गुणगानात ही नोंद हरवून जाते, म्हणून ती येथे जरा ठळकपणे सांगितली. कोरडवाहू शेतकऱ्याला हवे असते ते नेमके हेच. पाऊस कायमचा गेलेला नसतो, तो लांबलेला असतो. तो येईपर्यंत झाडाने सगळेच टाकून देऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. अर्थात प्रयोग टोमॅटो-मिरचीवरचा, कुंडीतला आणि देखरेखीखालचा. कळंबच्या शिवारातल्या पऱ्हाटीला तो जसाच्या तसा लावून मोकळे होता येणार नाही.

त्या धुऱ्यावर उभे असताना आणखी एक गोष्ट नजरेस आली होती. सगळे शेत मलूल असताना एका कोपऱ्यात दहा-बारा झाडांचा एक पुंजका टवटवीत होता. मी विचारले, "भाऊ, इथे काय निराळे केलेत?" ते हसले. "काई नाई केलं, फादर. मांगच्या सालापर्यंत तिथं उकिरडा होता." मग त्यांनी तेथे आपोआप उगवलेले ज्वारीचे एक ताट उपटले आणि दुसरे शेताच्या मधल्या भागातले उपटून माझ्यासमोर धरले. दुसऱ्याची मुळे उघडी-वाघडी होती. हलवताच माती झडून गेली. उकिरड्याच्या जागेवरच्या ताटाच्या मुळांना माती मोजा चढवल्यासारखी घट्ट चिकटलेली होती.

हा मातीचा मोजा विणण्यातही जिवाणूंचा हात असतो. मुळांभोवती राहणारे अनेक जिवाणू आपल्या अंगातून साखरेच्या लांब साखळ्यांचा एक बुळबुळीत द्रव स्रवतात. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याच्याभोवती जो पारदर्शक गोळा धरतो, तो डोळ्यांसमोर आणावा. तसाच हा लेप. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो आणि मातीचे कण एकमेकांना व मुळांना जोडतो. भोवतालची माती सुकत गेली तरी मुळाच्या लगतचा पातळसा थर जरा उशिरा सुकतो, आणि मूळ व माती यांचा संबंध तुटत नाही. जिवाणू हा लेप करतो तो आधी स्वतःच्या बचावासाठी. कोरडेपणात तोही मरतोच. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००९ साली स्यूडोमोनास जातीच्या अशा एका लेप करणाऱ्या जिवाणूचा प्रयोग सूर्यफुलाच्या रोपांवर केला. पाण्याचा ताण दिलेल्या रोपांपैकी जिवाणू लावलेली अधिक जगली, आणि त्यांच्या मुळांना चिकटलेल्या मातीचे प्रमाणही वाढलेले आढळले. उकिरड्याच्या कोपऱ्यातले श्रेय सगळे जिवाणूंना देणे मात्र अन्यायाचे होईल. कुजलेले शेणखत स्वतःही पाणी धरते. पण शेणखत आणि जिवाणू यांचा हिशेब वेगवेगळा मांडताच येत नाही.

तिसरी मदत मुळांच्या विस्ताराची. अझोस्पिरिलम नावाचा जिवाणू मुळांच्या सान्निध्यात वाढीचे संप्रेरक सोडतो. त्यामुळे आडवी मुळे आणि त्यांवरची केसासारखी तंतुमुळे वाढतात. जितकी मुळे अधिक तितकी मातीच्या सांदीकोपऱ्यातली ओल हाती लागते. या जिवाणूकडे आधुनिक शेतीचे लक्ष वेधून घेण्याचे श्रेय ज्या विदुषीला जाते तिचे नाव आपल्या कुटुंबांत ठाऊक असायला हवे. योहाना डोबेराइनर १९२४ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात जर्मन कुटुंबात जन्मली. महायुद्धानंतर घरदार सुटले आणि ती ब्राझीलला गेली. रिओ दि जानेरोजवळच्या सेरोपेदिका येथील संशोधन केंद्रात तिने अर्धे आयुष्य मुळांभोवतीच्या जिवाणूंच्या अभ्यासात वेचले. ब्राझीलने सोयाबीनला नत्रखताऐवजी मुळांच्या गाठीतल्या जिवाणूंच्या भरवशावर वाढवले, त्यामागेही तिचाच आग्रह होता. १९७८ साली तिची परमगुरुस्वामींच्या विज्ञान अकादमीवर सदस्य म्हणून नियुक्ती झाली. २००० साली ती वारली. आपल्याकडे शास्त्रज्ञ म्हटले की दुर्बीण डोळ्याला लावलेला गॅलिलिओ आठवतो आणि वादाची उजळणी सुरू होते. चिखलात हात घालून मुळे धुणाऱ्या या बाईंची आठवण मला अधिक उपयोगाची वाटते.

आता या सोबत्यांच्या मजुरीकडे वळू. मुळांभोवतीचा हा मातीचा थर इतर मातीपेक्षा निराळा आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर याने १९०४ सालीच ओळखले आणि त्याला स्वतंत्र नाव दिले. एक ग्रॅम चांगल्या मातीत दहा कोटींपासून एक अब्जापर्यंत जिवाणू असू शकतात. मुळाजवळ त्यांची दाटी आणखी वाढते. दाटी का, तर तेथे अन्नछत्र आहे. झाड पानांत तयार केलेल्या अन्नाचा बराच मोठा वाटा मुळांवाटे मातीत सोडते: साखरा, आम्ले आणि झडलेल्या पेशी. बाकीचे अन्न जिवाणूंना मिळते ते कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून आणि शेणखतातून. विदर्भातल्या शेतांचे माती परीक्षण केले तर सेंद्रिय कर्ब पुष्कळ ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली भरतो. म्हणजे अन्नछत्राची कोठीच रिकामी. घराघरांतले बैल कमी झाले, गोठे ओस पडले, त्याबरोबर उकिरडेही गेले. आणि उलंगवाडी झाली की पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग रचायचा आणि काडी लावायची, हा दरसालचा क्रम. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी या रस्त्याने गेले की दोन्ही बाजूंना धूर दिसतो. झाडाने वर्षभर कमावलेला कर्ब तासाभरात आभाळात जातो, ज्या आभाळाकडे आपण पुढे श्रावणात आशेने पाहणार असतो.

पऱ्हाट्या जाळू नका, हे सांगणे सोपे आहे. मी ते सभेत सांगत नाही. एक तर पुष्कळ घरांत चूल त्यावरच पेटते. दुसरे असे की त्या शेतात उभ्या ठेवणे किंवा नुसत्या रचून ठेवणे धोक्याचे असते, कारण गुलाबी बोंडअळी त्यांत आसरा घेते. २०१७ साली या अळीने यवतमाळ जिल्ह्याची काय दशा केली ते लोक विसरलेले नाहीत. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, हेही विसरलेले नाहीत. तेव्हा उपाय एकच उरतो. पऱ्हाट्यांचा यंत्राने बारीक चुरा करायचा, शेणाच्या काल्याबरोबर खड्ड्यात कुजवायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी शेतात पसरायचा. यंत्राला भाडे पडते, मजुरी पडते. ज्याच्याजवळ सोसायचे बळ आहे त्याने करावे, आणि ज्याच्याजवळ नाही त्याच्यासाठी गावाने मिळून यंत्र आणावे, असे मला वाटते.

हा खर्च टाळण्याचा सोपा मार्ग म्हणून बाजारात बाटल्या आल्या आहेत. जिवाणू खतांची पाकिटे नवी नाहीत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्था ती तयार करून माफक किमतीत देतात, आणि ती उपयोगाची आहेत. पण अलीकडे दुष्काळावर हमखास इलाज म्हणून नाना नावांच्या चकचकीत बाटल्या खेड्यापाड्यांत विकल्या जातात. त्यांच्याविषयी मला काळजी वाटते, आणि त्या काळजीला कारण आहे. या जिल्ह्यात ज्या घरांतला कर्ता पुरुष कर्जापायी स्वतःहून गेला, अशा घरांत जाऊन बसण्याचे प्रसंग माझ्या वाट्याला आले आहेत. तेथे दोन दिवसांनी वहीतले हिशेब निघतात: बियाणे, खत, औषध, पुन्हा औषध. त्या यादीत आशेच्या आणखी एका बाटलीची भर पडू नये.

म्हणून जे ठाऊक असलेच पाहिजे ते सांगतो. २००६ सालापासून जिवाणू खते सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. रायझोबियम, अझोटोबॅक्टर, अझोस्पिरिलम यांच्या भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूप बाटलीत दर मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, असा दंडक आहे. जिवंत हा शब्द महत्त्वाचा. खताची गोणी उन्हात पडली तरी खतच राहते. जिवाणूंचे पाकीट पत्र्याच्या दुकानात मे महिन्याच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत पडून राहिले की त्यात उरते ती नुसती माती. एका दुकानात मुदत उलटून पाच महिने झालेली बाटली मला स्वतः दाखवण्यात आली. "चालते हो फादर, आत औषध तेच आहे," असे विक्रेत्याचे उत्तर. तयार केल्याची आणि मुदतीची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बियाण्याला बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी आणि जिवाणू सर्वांत शेवटी. मग बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. कपाशीचे संकरित बी तर रंगीत औषधाचा लेप चढवूनच पाकिटातून येते. त्यावर पुन्हा जिवाणू चोळून किती जगतील याचा विचार विकणाऱ्याने करावा ही अपेक्षा व्यर्थ आहे, घेणाऱ्यानेच करायला हवा.

चांगल्या पाकिटातले जिवाणू जिवंत असले तरी त्यांची परीक्षा पुढेच असते. परक्या मातीत उतरलेल्या या पाहुण्यांना तेथल्या कोट्यवधी मूळ रहिवाशांशी झगडावे लागते. कुंडीत उत्तम वागलेले जिवाणू शेतात पुष्कळदा निष्प्रभ ठरतात ते यामुळे. याउलट जे मूळचेच आहेत त्यांची ताकद आपण कमी लेखतो. लाउ आणि लेनन या अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोहरीच्या कुळातल्या एका रोपाच्या तीन पिढ्या काही कुंड्यांत ओल्या आणि काही कुंड्यांत कोरड्या मातीत वाढवल्या. पुढे पाण्याचा ताण दिल्यावर सर्वांत चांगली टिकली ती कोरडेपणाचा अनुभव घेतलेल्या मातीतली रोपे. रोपांच्या वाणात या अवधीत विशेष फरक पडला नव्हता; बदलली होती ती मातीतल्या सूक्ष्मजीवांची वस्ती. कळंबच्या शिवारातल्या मातीने किती श्रावण कोरडे काढले असतील! तिच्यातल्या वस्तीला ताणाचे शिक्षण बाटलीतून देण्याची गरज नाही. तिला गरज आहे ती अन्नाची.

या संदर्भात जीवामृताचा विषय टाळता येत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी त्याचा प्रसार देशभर केला आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात काही दिवस आंबवून ते एका एकराला द्यायचे, अशी ती कृती. त्यात धुऱ्यावरची माती घालण्याची सूचना मला फार समंजस वाटते, कारण तेथली माती कमी ढवळली जाते आणि तिच्यातली स्थानिक वस्ती शाबूत असते. एवढ्यावर पिकाला बाहेरचे काहीच लागत नाही, हा दावा मात्र शास्त्रज्ञांना मान्य नाही. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने २०१९ साली त्यावर उघडपणे शंका घेतली, आणि ती रास्त होती. दोनशे लिटर पाण्यातला किलो-दोन किलो गूळ एका एकराच्या वस्तीला किती दिवस पुरणार? यवतमाळचेच सुभाष शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. खते-औषधे सोडून ते वर्षानुवर्षे शेती करत आले आहेत. झाडे, शेणखत, काडीकचरा आणि शेतातले पाणी शेतातच जिरवणे यांवर त्यांचा भर. मला हा मार्ग अधिक पटतो. तो सावकाश आहे, ही त्याची अडचण आहे. ज्याच्या डोक्यावर यंदाचे कर्ज आहे त्याला पाच वर्षांनंतरच्या मातीची गोष्ट सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

आणि सगळे जमले तरी जिवाणू पाऊस पाडत नाहीत. सोयाबीनच्या मुळांवर ज्या गुलाबी गाठी असतात त्यांतले रायझोबियम हवेतला नत्र झाडाला देतात, पण कोरड पडली की झाडाच्या आधी त्यांचेच काम मंदावते. खंड फारच लांबला तर लेप करणारे, एसीसी खाणारे, मुळे वाढवणारे सगळेच निपचित पडतात. काही बीजाणूच्या रूपाने झोपी जातात, पुष्कळ मरतात. मग पहिला जोराचा पाऊस आला की काही तासांत उरलेले जागे होतात आणि मेलेल्या सोबत्यांना खाऊन झपाट्याने वाढतात. कोरडी माती भिजताच ती जोरजोराने श्वास सोडू लागते, हे बर्च नावाच्या संशोधकाने १९५८ साली मोजून दाखवले. मृगाच्या सरीनंतर जो मातीचा वास दरवळतो त्यातला मोठा भागही स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंनी तयार केलेल्या द्रव्याचाच असतो. तो वास घेऊन कविता पुष्कळांनी लिहिल्या. वास देणाऱ्यांचे आपल्या भाषेत अजून धड बारसेही झालेले नाही.

ज्यांच्या धुऱ्यावर मी उभा होतो त्या गृहस्थांनी मला शेवटी विचारले, "तुमचे हे जंतू पऱ्हाटीले किती दिवस थांबवतीन?" दिवसांचा आकडा देता येत नाही, असे मी सांगितले; जमीन बरड असेल तर कमी, शेणखत मुरलेले असेल तर थोडे अधिक. त्यांनी मान हलवली. यंदा उलंगवाडीनंतर त्यांनी एका एकरातल्या पऱ्हाट्यांचा भाड्याच्या यंत्राने चुरा करून घेतला आणि शेजाऱ्याच्या गोठ्यातले शेण विकत आणून तो खड्ड्यात भरला. उरलेल्या दोन एकरांतल्या पऱ्हाट्यांपैकी काही सुनेने चुलीसाठी रचून ठेवल्या आणि काही नेहमीप्रमाणे पेटल्या. खड्ड्यावर गोणपाट टाकून ते आठवड्यातून एकदा पाणी शिंपडतात. चुरा अजून पुरता काळा झालेला नाही.